दोम जुआंव द कास्त्रो : एका भाविक सेनानीचे चरित्र

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या या कारखान्यांच्या मुलखात आज जी ख्रिस्ती कुटुंबे नांदत आहेत, त्यांपैकी पुष्कळांची मुळे अन्यत्र आहेत. कोणी वसईहून आले, कोणी गोव्याहून, कोणी अहिल्यानगरच्या खेड्यापाड्यांतून, तर कोणी मंगळूरकडून. चरितार्थाकरिता घर सोडणे, आईबापांस व बायकामुलांस मागे ठेवून दूर राहणे, हे आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी अनुभविले आहे. जवळच देहूरोडची लष्करी छावणी असल्यामुळे सैन्याच्या नोकरीत उमेद घालविलेले गृहस्थही आपल्या धर्मग्रामांत आहेत. अशा वाचकांपुढे, महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी, एका सेनापतीचे चरित्र ठेवण्याचे योजिले आहे. हा पुरुष धर्मनिष्ठ होता, मुलांवर जीव लावणारा पिता होता, आणि सरकारी पैशाच्या बाबतीत निष्कलंक होता. त्याच्या हातून रक्तही पुष्कळ सांडले. गोव्याचा गव्हर्नर व पुढे व्हाइसरॉय झालेले दोम जुआंव द कास्त्रो हे त्याचे नाव होय.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कास्त्रो हे संत नव्हेत. ख्रिस्तसभेने त्यांस वेदीवर बसविलेले नाही. त्यांचे प्रसिद्ध चरित्र जासिंतो फ्रेइरे द आंद्रादे या लेखकाने त्यांच्या नातवाच्या, म्हणजे बिशप फ्रान्सिस्को द कास्त्रो यांच्या इच्छेवरून लिहिले व ते १६५१ साली लिस्बन येथे छापून निघाले. नातवाच्या इच्छेने लिहिलेले चरित्र आजोबांचे दोष उगाळीत बसत नाही, हे उघड आहे. म्हणून त्यातील स्तुती मापून घ्यावी; परंतु जे खरोखर स्तुत्य आहे ते नाकारूही नये.

कास्त्रोंचा जन्म इ.स. १५०० मध्ये लिस्बन शहरी झाला. वडील दोम आल्वारो हे राजधानीतील वरिष्ठ न्यायाधिकारी होते व आई दोना लिओनोर ही नोरोन्या या थोर घराण्यातील होती. त्यांस पेद्रो नुनेश या नामांकित गणितज्ञाचे शिक्षण लाभले, आणि राजा तिसरा जुआंव यांचे बंधू राजपुत्र लुईस हे त्यांचे सहाध्यायी होते. ही मैत्री जन्मभर टिकली. पण पुस्तकांपेक्षा तलवारीकडे मन ओढल्यामुळे अठराव्या वर्षी ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील तांजिएर येथे गेले व तेथेच त्यांस वीरपदाची दीक्षा मिळाली.

पुढे यथाकाल दोना लिओनोर कुतिन्यो या कुलीन स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. वधूच्या घरी कुलीनता पुष्कळ असून हुंडा मात्र बेताचाच होता, असे चरित्रकार सांगतो. या दांपत्यास आल्वारो व फेर्नांदो हे पुत्र झाले, ज्यांची नावे पुढे हिंदुस्थानच्या इतिहासात पित्याच्या नावाशी जोडली गेली.

१५३५ साली सम्राट पाचव्या चार्ल्सने ट्यूनिसवर स्वारी केली, तीत कास्त्रो राजपुत्र लुईस यांजबरोबर होते. विजयानंतर सम्राटाने सरदारांस द्रव्य वाटले. कास्त्रोंनी ते घेतले नाही. आपण आपल्या राजाचे चाकर आहोत, तेव्हा पारितोषिक घ्यावयाचे तर त्याच्याच हातून, अशी त्यांची धारणा होती. १५३८ मध्ये ते हिंदुस्थानास निघाले, त्या वेळी राजाने त्यांस वार्षिक नेमणूक व होर्मुझच्या किल्ल्याची सरदारी देऊ केली. होर्मुझची सरदारी म्हणजे त्या काळी संपत्तीची खाणच समजली जाई. कास्त्रोंनी नेमणूक स्वीकारली, पण ती जागा मिळण्याइतकी सेवा आपल्या हातून अद्याप घडलेली नाही असे सांगून किल्ला नाकारला. लाभाच्या जागेस स्वतःच अपात्र म्हणविणारा मनुष्य तेव्हाही दुर्मिळ होता व आजही दुर्मिळच आहे.

व्हाइसरॉय दोम गर्सिया द नोरोन्या यांच्या आरमाराबरोबर ते गोव्यास आले व त्याच वर्षाच्या अखेरीस गोव्याहून दीवकडे निघाले. हा प्रवास आपल्या कोकणपट्टीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. वाटेतील प्रत्येक बंदर, खाडी, खडक व भरतीओहोटी यांची त्यांनी बारकाईने नोंद केली. दाभोळ, चौल, मुंबईची खाडी, वसई ही सर्व स्थळे त्यांच्या मार्गवर्णनात आली आहेत. घारापुरीची व कान्हेरीची लेणी त्यांनी स्वतः फिरून पाहिली, दालनांची मापे घेतली, आणि असे काम मानवी हातांनी झाले असेल काय, असा विस्मय व्यक्त केला. परधर्मीयांच्या देवालयाविषयी त्या काळच्या पोर्तुगीज सरदाराने इतक्या आदराने लिहावे ही सामान्य गोष्ट नव्हे.

या काळातील प्रवासांत त्यांनी होकायंत्राविषयी काही महत्त्वाचे शोध लावले. सूची कधी कधी अकारण भलतीकडे वळते हे पाहून त्यांनी कारण शोधले, तेव्हा जवळ ठेवलेल्या लोखंडी तोफेकडे ती ओढली जाते असे त्यांच्या ध्यानी आले. वसईजवळ सूचीत पडलेला फरक त्यांनी तेथील खडकांच्या माथी मारला. लोखंडाच्या सान्निध्यात रोज काम करणाऱ्या आपल्या येथील कारागिरांस ही गोष्ट सांगावयास नको. पण त्या काळी ती नवी होती. १५४१ साली इस्तेव्हांव द गामा यांच्या आरमाराबरोबर ते तांबड्या समुद्रातून सुएझपर्यंत गेले, तेव्हा त्या समुद्राचा तांबडेपणा पाण्याचा नसून तळाच्या पोवळ्यांचा आहे, हेही त्यांनी प्रत्यक्ष पाणी उपसून व तळाची पोवळी काढवून ठरविले. त्या सफरीत कोवळ्या वयाचा आल्वारो पित्याबरोबर होता. सिनाई पर्वताच्या सान्निध्यात त्यास वीरपद देण्यात आले, म्हणून संत कॅथरिनचे चक्र त्या घराण्याच्या चिन्हात आले.

स्वदेशी परतल्यावर कास्त्रो सिंत्रा येथील डोंगरातील आपल्या मळ्यात राहू लागले. तेथे त्यांनी पवित्र मरियेचे एक लहानसे देवालय बांधिले. झाडे लावावी, ग्रंथ वाचावे, प्रार्थना करावी व मुलाबाळांत राहावे, इतकीच त्यांची इच्छा होती. परंतु १५४५ मध्ये राजाने त्यांस हिंदुस्थानचे गव्हर्नर नेमिले. आल्वारो व फेर्नांदो या दोघांस बरोबर घेऊन ते निघाले. पत्नीची व त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

त्या वर्षी सप्टेंबरात गोव्यास पोहोचल्यावर त्यांनी प्रथम प्रजेची गाऱ्हाणी ऐकली. पूर्वीच्या गव्हर्नराने तांब्याच्या बाजारूक नाण्याची किंमत कृत्रिम रीतीने चढविली होती, त्यामुळे गरीबगुरीब हैराण झाले होते. कास्त्रोंनी तो हुकूम रद्द केला. विजापूरच्या राजघराण्यातील मीर अली या आश्रितास आपल्या स्वाधीन करावे अशी इब्राहिम आदिलशहाची मागणी होती. तिला मान दिला असता तर सलोखा झाला असता. पण एकदा अभय दिलेल्या मनुष्यास वैऱ्याच्या हाती देण्यास कास्त्रोंनी साफ नकार दिला.

अशा रीतीने वर्ष लोटते न लोटते तोच, १५४६ च्या एप्रिलात गुजरातच्या सुलतानाचा सरदार ख्वाजा सफर याने दीवच्या किल्ल्यास वेढा दिला. आत जुआंव मास्कारेन्यास हा किल्लेदार असून शिबंदी अवघी काही शेकड्यांची होती. पावसाळा तोंडावर आलेला, समुद्र खवळण्याच्या बेतात. अशा वेळी मदत पाठवावयाची म्हणजे पाठविणाराने माणसांच्या प्राणावर उदार झाले पाहिजे. कास्त्रोंनी प्रथम पाठविला तो आपला धाकटा मुलगा फेर्नांदो. त्याचे वय एकोणीस वर्षांचे होते. त्याच्या मागून भर पावसाळ्यात त्यांनी आल्वारोलाही रवाना केले.

जूनमध्ये ख्वाजा सफर तोफेच्या गोळ्याने ठार झाला व त्याचा मुलगा रूमीखान याने वेढा पुढे चालविला. १० ऑगस्ट रोजी शत्रूने संत जुआंव नावाच्या बुरुजाखाली सुरुंग उडविला. त्यात बुरुजावरील शिपायांबरोबर फेर्नांदोही ठार झाला. आल्वारो वाऱ्यापावसाशी झगडत दीवला पोहोचला, तोपर्यंत भाऊ मातीआड झाला होता.

ही बातमी गोव्यास आली तेव्हाचे वर्णन चरित्रकाराने केले आहे. किल्ला अद्याप टिकून आहे ही आनंदवार्ता व पुत्रमरणाची वार्ता एकाच वेळी आल्या. नगरातील लोकांचा धीर खचू नये म्हणून कास्त्रोंनी उत्सवाचा पोशाख चढविला, देवाचे आभार मानण्याकरिता मिरवणूक काढविली, आणि शोकाला एकांतात वाट करून दिली. ज्यांस कर्तव्यामुळे चारचौघांत डोळे कोरडे ठेवावे लागले आहेत, त्यांस या प्रसंगाचा अर्थ विशद करून सांगण्याचे प्रयोजन नाही.

पाऊस सरल्यावर कास्त्रो स्वतः आरमार घेऊन निघाले. वसई येथे जमवाजमव करून नोव्हेंबरात ते दीवला पोहोचले व किल्ल्याबाहेर पडून त्यांनी वेढा घालणाऱ्या फौजेवर हल्ला चढविला. आंतोनियो द काझाल नावाचे फ्रान्सिस्कन धर्मगुरू भाल्यावर क्रूसमूर्ती उंच धरून सैन्याच्या पुढे चालत होते. रूमीखान मारला गेला, वेढा उठला, दीव वाचले.

येथपर्यंत वाचून मन अभिमानाने भरून येते. परंतु विजयानंतर जे घडले तेही सांगितले पाहिजे. शहर लुटण्यात आले, आणि त्या वेळी वय वा स्त्रीपुरुष हा भेद पाहिला गेला नाही. याच मोहिमेत गुजरातच्या किनाऱ्यावरील गावे कास्त्रोंच्या हुकुमावरून जाळण्यात आली. पुढे आदिलशहाशी युद्ध जुंपले तेव्हा दाभोळ बंदराचीही तीच गत झाली. ज्या बंदराची नऊ वर्षांपूर्वी एवढ्या काळजीने नोंद केली, तेच बंदर त्यांच्या सैन्याने आगीच्या स्वाधीन केले. तेथे मेलेले कोळी, विणकर, व्यापारी व त्यांच्या बायकामुली यांचे चरित्र कोणी लिहिले नाही. फेर्नांदोसाठी एका पित्याने अश्रू ढाळले. त्या गावांतही पिते होते.

त्या काळचे सर्वच राजे असे करीत, हे उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. क्रूसावरील प्रभूने शत्रूंसाठी क्षमा मागितली हे कास्त्रोंस माहीत नव्हते असे नाही. त्यांच्याच होकायंत्राचा दाखला येथे लागू पडतो. सूची चांगली होती, दिशा ओळखणारी होती. परंतु तोफ जवळ असली की ती वळत असे. लोखंडी तोफेचा हा दोष त्यांनी जहाजावर ओळखला, पण आपल्या अंतःकरणात तो ओळखला नाही. वाचकांनी याबद्दल त्यांस दोष द्यावा, आणि मग आपल्या सूचीजवळ कोणते लोखंड ठेविले आहे याचाही शोध घ्यावा.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंगाकडे वळू. वेढ्यात दीवचा किल्ला पार ढासळला होता; तो नव्याने बांधणे प्राप्त होते, पण खजिन्यात पैसा नव्हता. तेव्हा २३ नोव्हेंबर १५४६ रोजी कास्त्रोंनी दीवहून गोव्याच्या नगरसभेस पत्र लिहून वीस हजार पार्दाव कर्जाऊ मागितले. कर्जास तारण पाहिजे. सोने, रुपे वा जडजवाहीर त्यांजपाशी नव्हते. मुलाच्या अस्थी गहाण ठेवाव्या असा त्यांचा विचार होता, पण देह उकरून काढण्याजोगा झाला नव्हता. म्हणून त्यांनी आपल्या दाढीचे केस कापून तेच तारण म्हणून पाठविले. गोव्याच्या नागरिकांनी पैसा दिला व केस सन्मानपूर्वक परत केले. चौलच्या स्त्रियांनी तर अंगावरील दागिने पुढे केले.

या प्रसंगात नाट्य आहे हे खरे. परंतु त्याचे मोल कशात आहे ते पाहावे. गव्हर्नराच्या शब्दावर लोकांनी वीस हजार पार्दाव दिले, ते त्या केसांकडे पाहून नव्हे. या मनुष्याने आजवर आमचे काही घेतले नाही, तेव्हा हेही बुडविणार नाही, ही खात्री त्यांस होती. तारण होते ते हेच.

१५४७ च्या एप्रिलात गोव्यात त्यांचे विजयी स्वागत झाले. प्राचीन रोमन सेनापतींप्रमाणे मस्तकी पर्णमुकुट घालून, तोरणे व गालिचे यांमधून, मागे कैदी व पाडाव केलेल्या तोफा घेऊन ते नगरात शिरले. दीवच्या लढाईतील ती क्रूसमूर्तीही मिरवणुकीत होती. ख्रिस्ती नम्रतेस हा थाट शोभत नाही, असे कोणासही वाटल्यावाचून राहणार नाही. पण ज्या मनुष्याने इतका थाट करून घेतला, त्यानेच दीवच्या विजयाबद्दल राजापाशी मागितले ते काय? तर सिंत्रा येथील आपल्या मळ्यालगतची एक लहानशी टेकडी व तिच्यावरील थोडीशी झाडे. जहागीर नाही, पदवी नाही. देवालयाजवळची ती टेकडी त्यास हवी होती, आणि घरी परतावयाचे होते.

पण घरी परतण्याचा योग नव्हता. युद्धे, जलप्रवास व पुत्रशोक यांनी शरीर जर्जर झाले होते. १५४८ च्या आरंभी ते वसई येथे असताना संत फ्रान्सिस झेवियर त्यांस भेटावयास तेथे गेले. पूर्वेकडील बेटांतून संत नुकतेच परतले होते व तेथील ख्रिस्ती लोकांसाठी त्यांस गव्हर्नराचे साहाय्य पाहिजे होते. त्या भेटीपासून कास्त्रोंचा जीव या संन्याशावर जडला. पावसाळाभर आपण गोव्यात राहावे अशी विनंती त्यांनी केली, आणि संतांनी ती मान्य केली.

मे महिन्यात पोर्तुगालहून जहाज आले. राजाने त्यांची मुदत तीन वर्षांनी वाढवून त्यांस व्हाइसरॉय ही पदवी दिली होती व द्रव्यही देऊ केले होते. तोवर कास्त्रो अंथरुणास खिळले होते. पदवीचा उपभोग त्यांस जेमतेम दोन आठवडे मिळाला. आपला अंत जवळ आला असे जाणून त्यांनी राज्यकारभार दुसऱ्यांकडे सोपविला आणि नगरातील प्रमुख अधिकारी व धर्मगुरू यांस पलंगाभोवती बोलाविले. मग या व्हाइसरॉयाने त्यांस सांगितले ते असे : आपल्यापाशी आजारपणात कोंबडीचे पथ्य करण्यापुरताही पैसा उरलेला नाही, तेव्हा राजाच्या खजिन्यातून रोजच्या खर्चापुरते काही मिळावे. नंतर मिस्साग्रंथावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली की, राजाचा वा प्रजेचा पैसा आपण स्वतःसाठी घेतलेला नाही.

त्यानंतर त्यांनी कारभाराचा विषय काढू दिला नाही. अखेरचे दिवस संत झेवियर यांच्या सान्निध्यात, पापनिवेदन व प्रार्थना यांत गेले. त्या एकांतात काय निवेदन झाले ते देवासच ठाऊक. दीवची बालके व दाभोळची राख तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे आली असतील तर ती प्रभूची कृपाच म्हटली पाहिजे. ६ जून १५४८ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, दोम जुआंव द कास्त्रो यांनी देह ठेविला. त्यांची खाजगी पेटी उघडली तेव्हा तीत तीन टांक नाणी, दाढीचे ते केस आणि देहदंडाकरिता वापरलेला, रक्ताचे डाग पडलेला एक आसूड एवढाच ऐवज निघाला, असे चरित्रकार नमूद करतो. ज्याच्या हुकुमावरून आरमारे हालत, तो स्वतःच्या पाठीवर गुपचूप आसूड ओढीत होता, हे कोणासही माहीत नव्हते.

त्यांस गोव्याच्या संत फ्रान्सिसच्या मंदिरात पुरण्यात आले. १५७६ साली अस्थी पोर्तुगालास नेण्यात आल्या व अखेरीस लिस्बनजवळील बेन्फिका येथील मठात, नातवाने बांधिलेल्या देवालयात त्यांस विश्रांती मिळाली. आल्वारो पुढे रोममध्ये पोर्तुगालचा वकील झाला व राज्याच्या खजिन्याचा कारभारही त्याने पाहिला. कोंबडीलाही महाग झालेल्या व्हाइसरॉयाचा मुलगा खजिन्याचा अधिकारी व्हावा, हा वारसा मोठाच म्हणावयाचा.

आता या चरित्रापासून आपण काय घ्यावे? ज्यांचे पूर्वज गोव्याचे वा वसईचे, त्यांस कास्त्रोंचे नाव आपल्या इतिहासात दिसते. ज्यांचे पूर्वज त्या जळालेल्या किनाऱ्यावरचे, त्यांसही दिसते. आपल्या एकाच प्रार्थनामंदिरात हे दोघेही शेजारी शेजारी गुडघे टेकतात. म्हणून नुसती स्तुती वा नुसती निंदा आपणांस परवडणारी नाही. अधिकार हाती असता स्वतःसाठी काही न घेणे, दिलेले अभय न मोडणे, मुलांस सुखाची नव्हे तर कर्तव्याची जागा दाखविणे, आणि मरणसमयी आपला हिशेब सर्वांदेखत उघडा करणे, एवढे त्यांजपासून निःशंकपणे शिकावे. आणि जेथे तोफेच्या ओढीने त्यांची सूची ढळली, तेथे त्यांच्यासाठी व त्यांच्या हाताखाली मेलेल्या निरपराध जीवांसाठी एकाच वेळी प्रार्थना करावी.

दरवर्षी डिसेंबरच्या ३ तारखेस आपण संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण पाळतो. त्या दिवशी, संतांच्या सोबतीत प्राण सोडणाऱ्या या थकलेल्या सेनानीची आठवण ठेवून, मृतांसाठी एक प्रार्थना अधिक म्हणावी, इतकीच वाचकांस नम्र विनंती आहे. प्रभू सर्वांस शाश्वत विश्रांती देवो.